तरी मी सांगत होते

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

पत्र लिहिणाऱ्या ताई पश्चिम महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी राहतात. वय ५१. मोठी मुलगी २४ वर्षांची, हिंजवडीला नोकरी करते आणि वाकडला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. महिन्यापूर्वी काम लांबलं आणि तिला ऑफिसमधून निघायला रात्रीचे दहा वाजले. कंपनीची शेवटची बस नऊलाच गेलेली. शेअर रिक्षानं ती मुख्य रस्त्यापर्यंत आली आणि तिथून सोसायटीपर्यंतचं पाच-सात मिनिटांचं अंतर चालत निघाली. मागून मोटरसायकलवर दोघं आले, मागे बसलेल्यानं तिच्या छातीला हात घातला. ती ओरडली, झटापटीत पडली, कोपर सोलवटलं. ते दोघं निघून गेले. तीन दिवस ती घरच्यांशी काही बोलली नाही. चौथ्या दिवशी आईला फोन केला. ताई पोळ्या लाटत होत्या, हात पिठाचे म्हणून फोन स्पीकरवर. सगळं ऐकल्यावर त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य आलं, "तरी मी सांगत होते, रात्रीचं एकटीनं चालत येत जाऊ नकोस म्हणून." पलीकडे काही वेळ शांतता, मग "बरं, ठेवते." त्या दिवसापासून मुलगी फोन करत नाही. 'जेवले', 'बरी आहे' एवढे मेसेज येतात. वडिलांचं म्हणणं, नोकरी सोडून घरी ये, स्थळं बघायला लागू. एकत्र कुटुंबातला १९ वर्षांचा पुतण्या जेवताना म्हणाला, "एवढ्या रात्री फिरल्यावर होणारच." धाकटी मुलगी बारावी होऊन आता मुंबईला वसतिगृहात राहायला जाणार आहे. ताई लिहितात, "तिची चूक आहे असं मी म्हटलंच नाही. आपण घराला कुलूप लावतो ना? दार उघडं टाकून गेलं आणि चोरी झाली तर चार लोक बोलणारच. आम्हीही आमच्या काळात सोसलं, पण गवगवा केला नाही. आईनं काळजी घे म्हणायचंच नाही का? आणि आता धाकटीला काय सांगू?"

प्रिय ताई,

काळजी घे म्हणायचं. जरूर म्हणायचं. आई नाही म्हणणार तर कोण म्हणणार? मुलगी घरातून निघते तेव्हा, नवीन गावात खोली बघते तेव्हा, रात्रपाळी लागते तेव्हा तिच्याशी बसून बोलणं हे आईबापांचं कामच आहे. त्याबद्दल तुम्ही स्वतःला अपराधी समजू नका.

पण तुमच्या मुलीनं तो फोन केला तेव्हा काळजी घ्यायची वेळ टळून गेली होती. तेच शब्द आदल्या आठवड्यात काळजीचे होते. त्या फोनवर ते निकालाचे झाले. कुणीतरी तिच्या अंगाला हात घातला, ती पडली, तीन दिवस ते मनात घेऊन ऑफिसला गेली, आणि सगळ्यात जवळच्या माणसाला सांगायचं धाडस केलं तेव्हा तिच्या कानावर आलं की यात तिनं काय करायला नको होतं. तिची चूक आहे असं तुम्ही म्हटलं नाहीत, हे खरं. पण 'तरी मी सांगत होते' याचा दुसरा काही अर्थ तिला लावता आला असता का, याचा शांतपणे विचार करून बघा. त्या वाक्यात ते दोघं कुठंच नाहीत. आहे ती फक्त तिची वेळ, तिचं चालणं, तिचं एकटं असणं.

असं वाक्य आपल्या तोंडून का निघतं, हे समजून घ्यायला हवं, कारण ते बोलणारे तुमच्यासारखेच जीव लावणारे लोक असतात. मला वाटतं ते भीतीतून निघतं. लेकीला असं काही झालं हे ऐकताना पायाखालची जमीन सरकते, आणि त्या क्षणी आपल्यालाच धीर हवा असतो. 'तिनं ऐकलं असतं तर झालं नसतं' या विचारात तो धीर मिळतो. कारण मग धाकटी ऐकेल आणि तिला काही होणार नाही, असं मानता येतं. म्हणजे नियम पाळले की माणूस सुरक्षित. हा विश्वास सोडणं फार जड जातं. तो धरून ठेवायचा तर ज्या मुलीला झालं तिनं कोणता नियम मोडला हे शोधणं भाग पडतं, आणि शोधायला गेलं की काहीतरी सापडतंच. रात्र नसेल तर कपडे, कपडे नसतील तर सोबत, सोबत असेल तर 'कुणाची सोबत'.

तो विश्वास कितपत खरा आहे, ते आपल्याच भागातल्या दोन घटनांवरून सांगते. १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री पुण्यातल्या एका बीपीओत काम करणारी तरुणी रात्रपाळीला निघाली. ती चालत गेली नाही, रिक्षानंही गेली नाही. कंपनीनंच ठरवून दिलेल्या गाडीत बसली. आपण मुलींना जे सांगतो तेच तिनं केलं होतं. त्याच गाडीच्या चालकानं आणि त्याच्या साथीदारानं बलात्कार करून तिचा खून केला. दुसरी घटना २२ ऑगस्ट २०१३ ची, मुंबईत महालक्ष्मीच्या बंद पडलेल्या शक्ती मिलमधली, एका तरुणीवरच्या सामूहिक बलात्काराची. ती छायाचित्रकार पत्रकार नेमून दिलेल्या कामावर होती, मध्यरात्र नव्हती, संध्याकाळ होती, आणि सोबत पुरुष सहकारी होता. त्या दोघींनी कोणता नियम मोडला होता?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात की नोंदवलेल्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. घरातला, शेजारचा, क्लासमधला, ऑफिसातला, लग्नाचं वचन दिलेला. आपण मुलींना अंधाराची, रस्त्याची आणि परक्याची भीती घालतो. ओळखीच्या माणसाबद्दल मात्र 'त्यांना नमस्कार कर' एवढंच शिकवतो. रस्त्यावर धोका नसतो असं नाही, तुमच्या मुलीला तो भेटलाच. पण सगळी खबरदारी तिथंच खर्च केली तर उरलेल्या मोठ्या भागासाठी मुलीकडे काहीच उरत नाही. धाकटीबद्दल लिहिताना मी याकडे परत येते.

आता कुलपाचं बघू. उदाहरण अनेक जण देतात, आणि ऐकायला ते बिनतोड वाटतं. पण दार उघडं राहून चोरी झाली तरी पोलीस गुन्हा चोराविरुद्धच नोंदवतात. दार उघडं होतं म्हणून चोराची शिक्षा कमी व्हावी असं कुणी म्हणत नाही. मालकाला चार लोक बोलतात, पण त्याला घर विकून गावी परत ये असं सांगत नाहीत. आणि कुलूप लावून घरमालक मोकळा होतो, कामाला जातो, सिनेमाला जातो. मुलीला आपण सांगतो ती खबरदारी तशी नसते. तिथं कुलूप तिच्याच दिवसाला, नोकरीला, बढतीला, मैत्रिणींना लावायचं असतं, आणि किल्ली भलत्याच्या हातात असते.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. "आम्हीही आमच्या काळात सोसलं, पण गवगवा केला नाही." याबद्दल तुमच्याशी जरा सविस्तर बोलायचंय.

काय सोसलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण आपल्या पिढीतल्या कॉलेजला एसटीनं जाणाऱ्या मुलींना ते विचारायची गरज नाही. सकाळची गच्च भरलेली गाडी, उभं राहायलाही जागा नाही, वह्या छातीशी घट्ट धरलेल्या, एक कोपर बाहेर काढलेलं, आणि ओढणीची किंवा पदराची पिन काढून दोन बोटांत धरलेली. गाडी वळणावर कलली की मागच्या माणसाचा भार अंगावर यायचा आणि गाडी सरळ झाली तरी तो भार हटायचा नाही. तेव्हा ती पिन मागे टोचायची, मान न वळवता. पुढच्या थांब्यावर तो मुकाट सरकायचा. पिनेची ही विद्या मुली एकमेकींना शिकवायच्या. कुणाच्या आईनं शिकवलेली मी ऐकली नाही, कारण आईला कुणी सांगितलेलंच नसायचं.

का सांगितलेलं नसायचं? तुम्ही तुमच्या आईला का सांगितलं नाहीत? मला वाटतं, उत्तर तुम्हाला माहीत आहे. सांगितलं असतं तर कॉलेज बंद झालं असतं. एसटीतला तो माणूस दुसऱ्या दिवशी त्याच गाडीनं त्याच्या कामावर गेला असता, तुम्ही घरी बसला असता. म्हणून आपण गप्प बसलो. त्याला आपण सहनशीलता म्हणतो, पण तो हिशेब होता आणि तो अगदी बरोबर होता. ज्या घरात सांगण्याची शिक्षा सांगणारीलाच होते, तिथं शहाणी मुलगी सांगत नाही.

तुमच्या मुलीनं सांगितलं. तीन दिवसांनी का होईना, तिनं आईला फोन लावला. म्हणजे तुम्ही तिला तुमच्यापेक्षा अधिक मोकळ्या घरात वाढवलंत. हे तुमचं कर्तृत्व आहे, ते हातचं घालवू नका. माझं सगळं म्हणणं खरं तर याच एका गोष्टीवर उभं आहे. शिट्टी, स्प्रे, मोबाइलवरचं लोकेशन, कराटे, या सगळ्यांपेक्षा मुलीला जास्त जपते ती खात्री, की काहीही झालं, कुठल्याही वेळी, कुणाच्याही सोबत असताना झालं, तरी घरी सांगता येईल. धमकावणारा, फोटो दाखवून पैसे मागणारा, 'कुणाला सांगितलंस तर तुझीच बदनामी' म्हणणारा प्रत्येक माणूस तिच्या घरच्यांच्या पहिल्या वाक्यावर पैज लावून बसलेला असतो. घरचे तिलाच बोलतील, यावर त्याचं सगळं चालतं. आपण 'तरी मी सांगत होते' म्हणतो तेव्हा ती पैज तो जिंकतो.

हे फक्त घराघरांतलं दुखणं नाही. आपल्या कायद्यातही ते लिहिलेलं होतं. १९७२ साली, आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी किशोरवयीन मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयानं आरोपींना सोडलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोषी ठरवलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा निर्दोष सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, तिला आधीच शरीरसंबंधांची सवय होती, अशा गोष्टी निकालांत तिच्याविरुद्ध गेल्या. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तरीही तक्रार करणारी स्त्री एकूणच अनैतिक चारित्र्याची आहे, असं दाखवायची मुभा आरोपीला देणारं कलम साक्षीपुराव्याच्या कायद्यात उरलंच होतं. ते निघायला २००३ साल उजाडलं. तिनं काय केलं हे विचारणं सोडून त्यानं काय केलं हे विचारायला कायद्याला इतकी वर्षं लागली. घरांमध्ये मात्र ते जुनं कलम अजून लागू आहे.

आता त्या रात्रीबद्दल तुमच्या घरात न विचारला गेलेला एक प्रश्न. ती दहा वाजता बाहेर का होती, हे सगळ्यांनी विचारलं. कंपनीनं तिला घरी का सोडलं नाही, हे कुणीच विचारलं नाही. महाराष्ट्राच्या दुकानं आणि आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या कायद्यानुसार, रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कर्मचाऱ्याला काम द्यायचं असेल तर तिची संमती लागते, तिच्या सुरक्षिततेची पुरेशी व्यवस्था लागते, आणि कामाच्या जागेपासून राहत्या घराच्या दारापर्यंत तिला पोहोचवण्याची सोय मालकानं करायची असते. नुसतं मुख्य रस्त्यापर्यंत सोडून चालत नाही. शेवटची बस नऊला आणि काम दहापर्यंत, ही अडचण तुमच्या मुलीनं तयार केलेली नाही. तिनं, किंवा उशिरापर्यंत थांबणाऱ्या सगळ्या मुलींनी मिळून, मनुष्यबळ विभागाला याबद्दल लेखी पत्र द्यावं. ई-मेलनं द्यावं, म्हणजे तारखेसकट नोंद राहते. त्या पाच-सात मिनिटांच्या रस्त्यावर दिवे बंद असतील तर महापालिकेकडे तक्रार, सोसायटीच्या रखवालदाराला तिथवर लक्ष ठेवायला सांगणं, हेही सुरक्षिततेचंच काम आहे. पण ते काम अनेकांना वाटून घ्यावं लागतं. म्हणून सगळं मुलीच्या एकटीच्या अंगावर टाकणं आपल्याला सोपं जातं.

खबरदारी म्हणून मुलीला काय सांगावं आणि काय नाही, हे ठरवताना मी एक गोष्ट बघते. त्या खबरदारीनं मुलीचं जग मोठं होतं की लहान? मैत्रिणींचा गट करून 'निघाले', 'पोहोचले' कळवणं, रिक्षाचा नंबर पाठवणं, फोन चार्ज ठेवणं, ११२ कसा लावायचा हे माहीत असणं, यांनी ती रात्री दहालाही निर्धास्तपणे घरी येऊ शकते. ही खबरदारी तिला बाहेर पडायला बळ देते. आठनंतर बाहेर राहायचंच नाही, रात्रीचं काम असलेली बढती घ्यायची नाही, एकटीनं खोली घ्यायची नाही, ही दुसऱ्या जातीची. कधी कधी तीही लागते, काही दिवसांपुरती, आणि ती मुलीनं स्वतः ठरवलेली असावी. तुमच्या मुलीला आज त्या रस्त्यानं चालायची भीती वाटत असेल आणि महिनाभर ती कॅबनं येणार असेल, तर तो तिचा निर्णय. जमलं तर त्याचे पैसे तुम्ही द्या. तुमच्या उपदेशापेक्षा तिला त्याचा उपयोग जास्त होईल.

तिच्या वडिलांनाही माझा निरोप सांगा. त्यांचा जीव तळमळतोय हे कळतं. पण नोकरी सोडून घरी ये आणि स्थळं बघू, याचा मुलीच्या कानावर पडणारा अर्थ असा होतो की गुन्हा दुसऱ्यानं केला आणि दंड ती भरते आहे. शिवाय धाकटी हे सगळं बघते आहे. उद्या मुंबईत तिच्याशी कुणी वावगं वागलं तर घरी कळवायचं की नाही, हे ती आत्ता, तुमच्या स्वयंपाकघरात ठरवते आहे.

आणि पुतण्या. ताई, पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंत, पण मला ती ओळ सगळ्यात जास्त टोचली. १९ वर्षांचा मुलगा भर पंगतीत म्हणतो 'होणारच', आणि कुणी काही बोलत नाही. त्यातून तो काय शिकला? रात्री एकटी दिसणारी मुलगी ही हात घालायला मोकळी असते, आणि घालणाऱ्याचं काही चुकत नाही, ते पाऊस पडावा तसं आपोआप होतं. मोटरसायकलवर मागे बसलेला तो मुलगाही कुठल्यातरी पंगतीत हेच ऐकून मोठा झालेला असणार. पुतण्याला रागावू नका, विचारा. "होणारच म्हणजे कोण करणार? तुझ्या मित्रांपैकी कुणी करेल का? तू गाडीवर पुढे बसलेला असतास आणि मागच्यानं हात बाहेर काढला असता तर तू काय केलं असतंस?" हे त्याच्या काकांनी विचारलं तर अधिक बरं. घरातली खबरदारीची सगळी बोलणी मुलींशीच होतात. त्यातली निम्मी तरी मुलांशी व्हायला हवीत.

आता मोठीशी कसं बोलायचं ते. मेसेज नको, फोनही नको. एसटी धरा आणि वाकडला जा. जाताना तिला आवडतं ते करून न्या, पण बोलणं टाळण्यासाठी डबे उघडत बसू नका. पहिल्या तासातच म्हणा, "त्या दिवशी मी जे बोलले ते चुकलं. तू काहीही चुकीचं केलेलं नाहीस. मी घाबरले आणि तुलाच बोलले." इथंच थांबा. माफीला शेपूट जोडू नका. 'पण तूही जरा' असं काही पुढे आलं की आधीचं सगळं पाण्यात. ती रडेल, चिडेल, किंवा 'असू दे गं आई' म्हणून विषय बदलेल. विषय बदलला तर बदलू द्या, चार दिवस राहा. तिला त्या रात्रीचं सगळं सांगायला लावू नका. झोप उडालेली असेल, गर्दीत दचकत असेल, कामात लक्ष लागत नसेल, आणि हे महिन्यानंतरही चालू असेल, तर समुपदेशकाकडे जायला सुचवा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथं मराठीतही बोलता येतं.

तक्रार करायची की नाही, हे तिच्यावर सोडा. पण तिला निवडता यावं म्हणून माहिती तुमच्याकडे हवी. जे झालं तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ खाली येणारा दखलपात्र गुन्हा आहे, शिक्षा एक ते पाच वर्षं. महिना झाला म्हणून वेळ गेलेली नाही. उशीर का झाला ते तक्रारीत सरळ लिहायचं, घाबरले होते एवढं कारण पुरतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कुठल्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. असा जबाब महिला अधिकाऱ्यानंच नोंदवायचा असतो आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. अशी तक्रार नोंदवून घ्यायला नकार देणं हा संबंधित अधिकाऱ्याचाच गुन्हा ठरतो. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानात आणि सोसायटीत उद्याच चौकशी करा, काही उरलं असेल तर जपून ठेवायला सांगा. तक्रार नंतर केली तरी ते लागेल. वकिलाची गरज पडली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. पोलीस ठाण्यात तुम्ही सोबत गेलात तर एक लक्षात ठेवा. तिथंही कुणीतरी विचारेल, एवढ्या रात्री कशाला निघाली होती? त्या वेळी उत्तर तुम्ही द्या. "कामावरून घरी येत होती, साहेब. आता त्या दोघांचं लिहून घ्या."

धाकटीसाठी सूचनांची यादी करू नका, ती जिन्यावरच विसरेल. जायच्या आधी एकदा निवांत बसा आणि तिला वचन द्या, की रात्री दोनला फोन केलास, जिथं जाऊ नको म्हटलं होतं तिथून केलास, ज्याच्याबरोबर असू नये असं आम्हाला वाटतं त्याच्याबरोबर असताना केलास, तरी आमचा पहिला प्रश्न 'कुठे आहेस, कुणाला पाठवू' हाच असेल. आणि नंतरही शिक्षण बंद होणार नाही. हे वडिलांनीही तिच्यासमोर म्हणायला हवं. मग ओळखीच्या माणसांबद्दल बोला. नातेवाईक, सर, मित्र, कुणीही असो, अंगाला नकोसा स्पर्श झाला, एकटीला बोलावण्याचा आग्रह झाला, फोटो मागितले, 'कुणाला सांगू नकोस' म्हटलं, तर माणूस किती मोठा आहे ते न बघता घरी सांगायचं. रेल्वेत काही झालं तर १३९, इतर कुठंही ११२, ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३०. कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असते, तिच्या सदस्यांची नावं पहिल्याच आठवड्यात बघून ठेवायला सांगा.

वसतिगृह बघायला जाल तेव्हा खोली, पाणी, जेवण बघालच. त्याबरोबर रेक्टरबाईंना एक प्रश्न विचारा. लोकल बंद पडली, पावसात अडकली आणि माझी मुलगी रात्री साडेअकराला फाटकावर आली, तर तुम्ही काय करता? काही ठिकाणी मुलींच्या सुरक्षिततेसाठी म्हणून फाटक ठरल्या वेळी बंद होतं आणि उशिरा आलेली मुलगी रात्रभर बाहेरच राहते, किंवा घरी पत्र जाईल या भीतीनं कुणा ओळखीच्याकडे जाते. नियम काय आहे हे कागदावर दाखवतील, तो बघाच. पण तिथं आधीपासून राहणाऱ्या दोन मुलींना बाजूला घेऊन, अशा रात्री प्रत्यक्षात काय झालं तेही विचारा. फाटक उघडतात, आत घेतात आणि चौकशी सकाळी करतात, असं त्या म्हणाल्या तर फी भरून टाका.